घंटी वाजली की बसायचं

रेल्वेत मी चाबीवाला होतो. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज आपल्या हद्दीतल्या रुळांवरून चालत जायचं, स्लीपरवर रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्यांपैकी ज्या सैल झाल्या असतील त्या ठोकून बसवायच्या, आणि दुसऱ्या रुळावरून परत यायचं. वर्धा आणि पुलगावच्या मधली ही हद्द. तिच्या मधोमध एक फाटक होतं. फाटकाला लागून एका खोलीची गुमटी. तिथं कवडू फाटकवाला, त्याची बायको कोकिळाबाई आणि त्यांची लेकरं राहत. पंच्याऐंशी साली खालून पूल काढला आणि फाटक बंद झालं. कवडू आता नाही. कोकिळाबाई नातवंडांत आहे. मी तिच्याबद्दल लिहितो आहे ते शहात्तर-सत्याहत्तर सालचं.

फाटकवाल्याला काम काय, बसून पगार, असं लोक म्हणत. म्हणणाऱ्यांनी ते चाक एकदा फिरवून बघायला हवं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे दांडे एकाच चाकानं खाली-वर होत. उन्हाळ्यात त्याची मूठ हातात धरवत नसे. हिवाळ्यात वंगण गोठून चाक जड होई आणि पाठ मोडे. स्टेशनातून टेलिफोन येई, घंटी वाजे. गाडी सुटली. मग फाटक पाडायचं, झेंडी घेऊन उभं राहायचं, गाडी गेली की फाटक उचलायचं. दिवसा आणि रात्री. बदलीवाला यायचा तेव्हा यायचा. नेमणूक एका माणसाची होती, पण त्या एका जागेवर काम दोघं करीत. कवडू झोपला की कोकिळाबाई टेलिफोनजवळ बसे. तो उठला की ती घागरी घेऊन गावच्या विहिरीवर जाई. येताना चढ होता. भरल्या दोन घागरी आणि काखेत लेकरू, या वजनानं मी तो चढ चढून पाहिलेला नाही, आणि मी वजन उचलणारा माणूस आहे. नवराबायकोला एका वेळी जेवताना मी क्वचितच पाहिलं.

समोरून मुंबईच्या गाड्या जात, कलकत्त्याच्या जात. खिडकीतली मुलं हात हलवत. कोकिळाबाईची मुलं हात हलवत नसत. त्यांना हात मोकळा करायची परवानगी नव्हती.

त्याचं कारण असं. मोठी मुलगी पंचफुला दोन वर्षांची असताना एकदा मी फाटकाजवळ पोचलो, तेव्हा दांडे खाली होते आणि मालगाडी येत होती. कोकिळाबाई गुमटीतून बाहेर आली आणि इकडंतिकडं पाहू लागली. पोरगी दिसेना. ती ओरडली तोवर इंजिन आमच्या पुढ्यात होतं. मालगाडी लांब होती आणि चढावर हळू चालली होती. वाघिणींच्या खालून पलीकडचं काही दिसतं का म्हणून ती जमिनीवर पालथी पडली. मीही वाकलो. चाकं आणि धूळ. त्या गाडीला शेवट नाही असं मला वाटलं. तिनं गिट्टी मुठीत धरली होती. शेवटचा डबा गेला, तर पलीकडे दांड्याखाली पंचफुला उभी. हातात चिंच. ओठ आंबट करून आमच्याकडं पाहत होती.

कोकिळाबाईनं तिला मारलं नाही. उचलून आणलं, आणि त्या दिवसापासून पोरीच्या कमरेला लुगड्याच्या काठाची दोरी आली. दोरीचं दुसरं टोक खाटेच्या पायाला. पण बांधलेलं लेकरू वाढतं, गाठी सोडायला शिकतं. मग तिनं दुसरी शिकवण सुरू केली. कवडूनं गुमटीच्या ओट्याजवळ सागाचा एक खुटा खोल गाडला. घंटी वाजली की जिथं असेल तिथून येऊन ओट्यावर बसायचं आणि खुटा धरायचा. खुटा लांब असला तर जे हाताला लागेल ते धरायचं, झाड, खांब, काहीही. धाकटं जवळ असेल तर त्याला पण धरून ठेवायचं. गाडी पूर्ण निघून गेल्याशिवाय सोडायचं नाही.

"मी बलावलं तरी?" कोकिळाबाई विचारी.

"तरी नाई," पंचफुला म्हणे.

"बाबानं बलावलं?"

"तरी नाई."

हे मला पहिल्यांदा कठोर वाटलं. मी विचारलं, "मायनं बलावलं तरी नाई, असं काऊन?"

"लाईन दोन हायेत, प्रेमदासभाऊ," ती म्हणाली. "मले एक गाडी दिसते, मी म्हणतो गेली, ये. अन् दुसरी मांगून येऊन राह्यली असली तं? माह्या बोलण्यावर लेकरू मराचं काय? घंटी बोलली तेच खरं."

ती परीक्षाही घेई. घंटी वाजली, पोरं बसली, की गुळाचा खडा दाखवून ये म्हणे. पहिल्या वेळी पंचफुला उठली. तिला खडा मिळाला नाही आणि एक धपाटा मिळाला. पुन्हा ती कधी उठली नाही. पुढं वासुदेव झाला, वासू. तो रांगत होता तेव्हाच बहिणीच्या शेजारी खुट्याला हात लावून बसायला शिकला. त्याच्यानंतरची तान्ही आईच्या कडेवर असे. मी हातोडा घेऊन जायचो तेव्हा गाडीची वेळ असली, तर दोघं भावंडं ओट्यावर खुट्याला चिकटलेली दिसत. मी हाक मारली तरी मान फक्त वळे. हात तिथंच.

आता वासूच्या जावळाची गोष्ट. पोराचे जन्माचे केस मामाच्या मांडीवर बसवून काढायचे, तोवर कात्री लावायची नाही, ही त्यांच्यातली रीत. आमच्याकडं छप्पन्न सालच्या दीक्षेपासून हे सगळं सुटलं, म्हणून मी त्यात बोलत नसे. कोकिळाबाईचं माहेर रोहण्याचं. भाऊ रूपराव शेती करणारा. आई देवकाबाई, तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. वासू गुमटीतच जन्मला होता, त्यामुळं आजीनं त्याला पाहिलेलंच नव्हतं. पहिल्या वर्षी जावळ राहिलं, कारण बदलीवाला आला नाही. सम वर्षी काढत नाहीत, म्हणून दुसरं गेलं. तिसरं सुरू होतं आणि वैशाखात संपत होतं. मग थेट पाचवं. रूपरावाचा निरोप आला होता: हनुमान जयंतीला मारोतीच्या पारावर माझ्या पोराचं जावळ काढतो, तुझ्याही पोराचं त्याच पंगतीत होऊन जाईल.

पोराचे केस तोवर खांद्याखाली आले होते. उन्हात घामानं त्यांच्या गाठी होत. त्यात गोखरू अडकत. कोकिळाबाई तेल लावून बोटांनी सोडवायची, तो रडायचा. फाटक पडलं की थांबलेले गाडीवान मजा करीत.

"कवडू, ही लहानी पोट्टी कोणाले देतं?"

"मी पोट्टा हावो," वासू ओट्यावरून ओरडे, खुटा न सोडता.

"मंग वेणी काऊन नाई घातली?"

हसणं व्हायचं. कोकिळाबाई हसत नसे. एकदा मला पाणी देताना म्हणाली, "भाऊ, इथून रोज किती माणसं जातात. मी लगीन होऊन आली तवापासून दोन डाव बाहीर गेली. एक पंचीच्या बाळंतपणाले, अन् एक सासरे वारले तवा." मग म्हणाली, "मायले दिसते तवरक तिले पोट्टा दाखवाचा हाये." त्याशिवाय तिनं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

या वेळी कवडूनं सांगितलं, तू जाय, मी जागतो. माझी बायको कमलाबाई म्हणाली, दिवसा मी जाऊन टेलिफोनजवळ बसेन, कवडूभाऊ थोडं झोपतील. हनुमान जयंतीला चार दिवस होते. माझी सुट्टी होती. मी तिची पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली, वासूला खांद्यावर. तिनं तान्हीला कडेवर घेतलं, पंचफुलाला हाताशी. बैलगाडीच्या वाटेनं आम्ही स्टेशनला निघालो. तिथून पॅसेंजरनं पुलगाव, पुलगावहून छोट्या गाडीनं रोहणा. सोपी वाट होती. कोकिळाबाईनं लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं होतं. वाटेत ती बोलत होती. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. वासूला सांगत होती, मामा तुला मांडीवर घेईल, नवीन सदरा देईल, आजी पुरणपोळी करेल. पंचफुलानं विचारलं, "मामाच्या घरी खुटा हाये का?"

"नाई. तिथं लागत नाई."

"काऊन?"

"तिथं घरापुढून गाडीच नाई जात."

पोरगी विचारात पडली. बिनफाटकाचं घर तिला आठवत नव्हतं.

स्टेशन लहान होतं. एक खोली मास्तरची, बाहेर लोखंडी दिव्याचा खांब, एक बाकडं. आम्ही बाकड्यावर बसलो. मास्तरच्या खोलीतल्या यंत्राची घंटी वाजली. मागच्या स्टेशनानं गाडी सोडली होती. घंटीचा आवाज गुमटीतल्या टेलिफोनसारखाच.

वासू माझ्या मांडीवर होता. मी त्याला धरलेलं होतं, आणि धरणं हे माझं रोजचं काम होतं. तरी तो खाली निसटला. पंचफुलानं त्याला कमरेत पकडलं, दोघं दिव्याच्या खांबाकडं पळाली, बसली आणि चारही हातांनी खांब धरला.

मी हसलो. कोकिळाबाईही हसली. पोर्टर हसला. "वा रे वा, फाटकावरचे पोट्टे," तो म्हणाला. मी पोर्टरला म्हटलं, "बाबा, ती घंटी थांबव."

"ते माही घंटी नाई, प्रेमदास. मांगच्या ठेसनाची हाये. तिकडे जाऊन थांबव."

मग पॅसेंजर आली. थांबली. दोन माणसं उतरली. कोकिळाबाई उठून दाराशी गेली, पेटी आत ढकलली आणि मागं वळली. पोरं खांबापाशीच. गाडी डोळ्यांपुढं उभी होती. ती गेली नव्हती. म्हणून सोडायचं नव्हतं.

"पंचे, ये," मी म्हटलं. तिनं मान हलवली. मी जाऊन तिची बोटं खांबावरून एकेक उकलायला लागलो. गंजलेली चावी सोडवायला जेवढा जोर लागतो तेवढा लागला. एक हात सुटला की दुसरा घट्ट व्हायचा. खाली वासू तिच्या पोटाशी दबून रडत होता, पण त्यानंही सोडलं नाही. तिनं माझ्या मनगटाला चावा घेतला. खिडक्यांतून लोक पाहत होते. कोणी म्हणालं, "अबे, खांबच घेऊन चढ." गार्ड ओरडला, "बाई, येता का राहता?"

कोकिळाबाई दाराच्या दांड्याला एक हात लावून उभी होती. तिनं तोंड उघडलं. मला वाटलं, ती आता हाक मारणार. तिनं मारली नाही. मी पोरीचे दोन्ही हात सोडवले होते, वासूला उचलणार होतो, तेवढ्यात ती जवळ आली.

"सोडा, भाऊ."

"आता निघालेच हात."

"सोडा म्हणतो ना. गाडी उभी असताना तुम्ही हात सोडवान, तं तिले समजन, सुटते. मंग फाटकावर बी सुटन."

मी सोडलं. पंचफुलानं लगेच खांब पुन्हा धरला. पोर्टरनं पेटी बाहेर ओढून ठेवली. गार्डनं हिरवी झेंडी दाखवली. गाडी गेली. शेवटचा डबा सिग्नलपार झाला. मग पोरीनं हात सोडले, भावाचे डोळे पुसले आणि आईकडं पाहिलं.

"गेली. आता उठू, माय?"

"उठा," कोकिळाबाई म्हणाली.

ती बाकड्यावर बसली. तान्हीला पदराखाली घेतलं.  मी म्हणालो, बसनं जा, गावाच्या फाट्यावर बस थांबते.

"बसमंदी घंटी नाई का?"

असते. कंडक्टर दोरी ओढतो, वाजते. 

"थांब्याथांब्यावर घंटी वाजन, अन् गाडी काई दिसन नाई," ती म्हणाली. "आठ दिवस माहेरी राहून येऊ तवा हे पोट्टे शिकून येतीन, का घंटी म्हणजे काईच नाई. मंग याईले परत कोठून शिकवू? मी शिकवलं तवा दोरी होती. आता दोरीत राहत नाईत."

तिनं पेटी स्वतः उचलून माझ्या डोक्यावर ठेवली. आम्ही आलो त्याच वाटेनं परत निघालो. जाताना पेटी हलकी वाटली होती. तीच पेटी, तीच वाट. मानेला येताना कळ लागली.

कवडू चाकाजवळ होता. "काऊन? गाडी चुकली?"

"नाई. पोट्टे बराबर बसले," ती म्हणाली आणि आत गेली. मी त्याला सगळं सांगितलं. तो खाली बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "पाचव्या वर्षी काढू मंग."  ती हिरवं लुगडं बदलून घागरी घेऊन बाहेर आली आणि विहिरीकडं गेली. वासू ओट्यावर बसून केसांतलं गोखरू ओढत होता.

मी दुसऱ्या दिवसाची रजा टाकली आणि रोहण्याला गेलो. रूपराव अंगणात बैलांना पेंड चारत होता. पस्तिशीचा, उंच, बोलायला मोकळा. त्यानं ओसरीवर पोतं टाकलं, पाण्याचा गडवा ठेवला. मी सांगितलं ते ऐकून तो हसला.

"असे कसे पोट्टे आयकत नाईत? एक कानाखाली देली असती तं उठले असते."

"उठले असते," मी म्हणालो. "मंग तिकडेही उठले असते."

त्याचं हसणं थांबलं. आत देवकाबाई चुलीजवळ बसली होती. दिसत कमी होतं, ऐकू चांगलं येत होतं.

"रूप्या, बैलबंडी जुप," ती म्हणाली.

"माय, एवढ्या उन्हात? दिवसभराची वाट हाये."

"पहाटे निंघ. दुपारी बैलं सावलीत बांध. अन् माळा काढून ठेव."

"कायच्या माळा?"

"बैलाईच्या. घुंगराच्या."

रूपराव उभा राहिला. त्या माळा त्यानं यात्रेतून हौसेनं आणल्या होत्या, पितळी, चिंचेनं घासून चकचकीत ठेवलेल्या. पोळ्याला गावात त्याच्या जोडीचा आवाज ओळखू येई. "सुतकावाणी बिनामाळेची बंडी घेऊन जाऊ? लोक विचारतीन, कोण गेलं म्हून."

"विचारू दे. दिवसभर लेकराईच्या कानाशी घंटी वाजन, अन् गाडी येणार नाई. मंग घंटीवर इस्वास राहीन काय? तिनं एवढ्या मेहनतीनं बसवलं, ते तू एका दिवसात उठवतं?" मग माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "बाबू, माही पोरगी वायली झाली काय रे?" म्हणजे बारीक.

मी नाही म्हणालो. ते खरं नव्हतं.

रूपराव तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फाटकावर आला. बंडीवर ताडपत्रीचं छत, बैलांच्या गळ्यांत साध्या दोऱ्या. कोकिळाबाई भावाकडं पाहायच्या आधी बैलांच्या गळ्यांकडं पाहत राहिली. मग तिनं बैलांच्या पायांवर पाणी घातलं. रूपराव म्हणाला, "वाटंनं दर गावात लोकाईनं इचारलं, पाटील, कोण गेलं? मी म्हणलं, कोणी नाई गेलं. भाचा आनाले चाललो." बैलांना विसावा देऊन पहाटे ते निघाले. पोरं बंडीत बसली, छताचे बांबू धरून. कवडू वाट दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला असता, पण घंटी वाजली.

हनुमान जयंतीच्या सकाळी काय झालं ते मला रूपरावानं नंतर सांगितलं. मारोतीच्या देवळात मोठी घंटा होती, येणारा प्रत्येक जण ती वाजवी. देवकाबाई अंधार असतानाच चाचपडत गेली आणि घंटेच्या लोलकाला लुगड्याची चिंधी गुंडाळून बांधून आली. गावचे महादेवराव, वयानं मोठे, पूजेला आले. घंटा ओढली तर ठप्प आवाज.

"हे कोणं केलं? आज जयंतीच्या दिवशी देवाची घंटा बांधता?"

"म्या बांधली," देवकाबाई म्हणाली. "मारोतीले बिनाघंटीचं आयकू येत नाई काय? आज टाळ्या वाजवा. दोन्ही नातवाईचं जावळ होईपर्यंत."

महादेवराव बडबडले. मग त्यांनी टाळी वाजवून दर्शन घेतलं. त्यांनी वाजवली म्हणून बाकीच्यांनीही वाजवली. वासू मामाच्या मांडीवर बसला, न्हाव्यानं केस काढले. तो रडला नाही. फक्त मामाचं धोतर दोन्ही मुठींत धरून बसला. देवकाबाईनं भुंड्या डोक्यावरून हात फिरवला, कान चाचपले, नाक चाचपलं. म्हणाली, "कवडूवर गेला." कोकिळाबाई तिथं दोन दिवस राहिली. आईजवळ झोपली. यापेक्षा जास्त रूपरावाला माहीत नव्हतं.

इकडं कमलाबाई दिवसा गुमटीत बसली. कवडूला जेमतेम झोप मिळे. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर ती म्हणाली, "अवो, तिथं आपण बसून नाई राहत. त्या घंटीची वाट पाहत राहतो. वाजली नाई तं वाटते, बिघडली काय? वाजली तं जीव उडते. चुलीवर भाकर टाकली, घंटी वाजली, भाकर जळली. दोन दिवसात मले कानात सारखी घंटी आयकू येऊन राह्यली. कोकिळा येडी कशी नाई झाली?"

ते परत यायच्या दिवशी दुपारनंतर माझी चाल फाटकाजवळ आली होती. लायनीच्या अलीकडे, गुमटीच्या समोर, दांड्यापासून थोडं दूर, बाभळीच्या सावलीत बंडी थांबली. फाटक उघडं होतं. कवडू लायनीच्या पलीकडे गुमटीपाशी उभा होता. डोळे लाल. त्याला पाहून वासूनं बंडीतून उडी मारली. नवा सदरा, तुळतुळीत डोकं.

"बाबा! पाहा माहं डोस्कं!"

तो फाटकाकडं धावत सुटला. पंचफुला त्याच्या मागं. कोकिळाबाई तान्हीला घेऊन बंडीत उठून उभी राहिली होती. मी बंडीच्या चाकाजवळ होतो.

गुमटीत घंटी वाजली.

पोरगा दांड्याच्या खांबापर्यंत पोचला होता. पुढं उघडा रस्ता, रूळ, आणि पलीकडे बाप. माझा पाय उचलला गेला. कोकिळाबाईनं वरून माझा खांदा धरला. एवढा घट्ट की दुसऱ्या दिवशीही दुखत होता. तिनं हाक मारली नाही. कवडूनंही मारली नाही. तो जागचा हलला नाही, फक्त मुलाकडं पाहत राहिला.

वासू थांबला. त्यानं बापाकडं पाहिलं. मग खाली बसला आणि खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली. मागून पंचफुला आली, त्याच्यावर वाकली, एका हातानं खांब धरला आणि दुसरा हात भावाच्या भुंड्या डोक्यावर ठेवला.

तेव्हा कवडू आत पळाला. घंटी थांबली. त्यानं चाक फिरवून दांडे पाडले. मालगाडी आली. ती आमच्यामधून जात असताना कवडू दिसत नव्हता, पोरं दिसत होती. कोकिळाबाई बंडीत तशीच उभी होती. तिचा हात माझ्या खांद्यावरून शेवटचा डबा गेल्यावर निघाला.

"गेली. उठू?" तिकडून पंचफुला ओरडली.

"उठा," आई म्हणाली. मग ती खाली उतरली. तान्हीला माझ्याकडं दिलं आणि चाकाला टेकून थोडा वेळ तोंड झाकून उभी राहिली. रूपराव बैलांशी काहीतरी करीत राहिला. त्यानं बंडीतल्या पोत्यातून माळा काढल्या आणि बैलाच्या मानेवर टाकायला घेतल्या. एक घुंगरू वाजलं. तिनं झटकन त्याचा हात धरला.

"इथं नको, दादा. नाल्याच्या पलीकडे गेल्यावर बांधजो."

"पाणी तं पिऊ दे, बाई."

"पे. पण माळा तिकडेच बांधजो. आयकू येते इथं."

तो पाणी प्यायला, वासूच्या डोक्यावर टपली मारली आणि निघाला. बंडी आवाज न करता गेली. कोकिळाबाईनं पेटी उचलली, लाईन ओलांडून गुमटीत ठेवली, आणि कवडूला म्हणाली, "तुम्ही झोपा आता." ती टेलिफोनजवळ बसली. पोरं ओट्यावर खुट्याशी.

मी हातोडा घेतला आणि माझ्या रुळावरून पुढं निघालो. बराच पुढं गेल्यावर नाल्याच्या पलीकडून घुंगरं ऐकू आली. वळून गुमटीकडं पाहिलं. वारा माझ्याकडं होता, तिकडं आवाज गेला नसेल. पोरं उठून खेळत होती.